बनावट पत्रे छापली अन् संपादक तुरुंगात! आगरकरांच्या १०१ दिवसांची गोष्ट नेमकी काय?

एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र व्हॉट्सअॅपवर येते आणि निमगाव केतकीच्या चौकापासून मुंबईपर्यंत तासाभरात पोहोचते. ते खरे की बनावट, हे कोण तपासणार? १४० वर्षांपूर्वी हाच प्रश्न ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांच्यासमोर उभा राहिला. त्याची किंमत त्यांना तुरुंगात मोजावी लागली.

कोण होते आगरकर?

जन्म १४ जुलै १८५६, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी. घरची गरिबी, पडेल ते काम करत शिक्षण पूर्ण केले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ सुरू झाला, तेव्हा संपादकपद त्यांच्याकडे आले. इंग्रजी ‘मराठा’ लोकमान्य टिळक पाहत होते.

प्रकरण काय होते?

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याची चर्चा होती. दोन्ही पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. महाराजांविरुद्धच्या कटाचा पुरावा म्हणून बर्वे यांच्या नावाची पत्रे पुढे आली आणि त्यावर विश्वास ठेवून मजकूर छापला गेला. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. जामिनाच्या वेळी महात्मा फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे मदतीला धावले.

पत्रे बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

चूक कुठे झाली?

आगरकरांनी काही रचले नव्हते. खोटी बातमी रचणारे पत्रकारही असतात. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कुक यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी चक्क कल्पनेतून लिहिली. १९८१ मध्ये मिळालेला पुलित्झर त्यांना परत करावा लागला. तिथे मोह नाव कमावण्याचा होता. इथे अन्यायाची चीड होती, म्हणून हवा तसा पुरावा हाती येताच तो खरा वाटला. हेतू वेगळे असले, तरी वाचकाच्या हाती दोन्हीकडे खोटेच पडले.

नुकसान कुणाचे?

बर्वे यांच्यावर नाहक किटाळ आले. पण महाराजांचाही तोटा झाला. त्यांच्या हालांवर चर्चा व्हायची, ती पत्रांच्या खरेपणावर झाली. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला नजरकैदेत महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे काळजी खरी होती, पुरावा खोटा होता.

पुढे काय झाले?

मतभेदांमुळे आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन, जातिभेद यांवर त्यांनी कठोर लिहिले. चिडलेल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असताना १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘सुधारक’मध्ये त्यांचा भर बुद्धीला पटेल तेच मानण्यावर होता. मोबाइलवर आलेले पत्र पुढे पाठवण्याआधी हीच कसोटी लावता येते. विशेषतः ते आपल्या मनासारखे असेल तेव्हा.