पियानोपाशी बसलेली क्लारा

योहानेस ब्राम्स या जर्मन संगीतकाराची व्हायोलिन आणि पियानोसाठीची पहिली सोनाटा आता आमच्या पुणतांब्यातही मोबाइलवर ऐकता येते. सोनाटा म्हणजे एका वाद्याने किंवा दोन वाद्यांनी मिळून वाजवायची, बहुधा तीन-चार भागांची लांबलचक रचना. ही तीन भागांची, सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांची. नाव टाइप केलं की एकाच रचनेची ढीगभर रेकॉर्डिंग्ज समोर येतात. एकच राग दहा जण दहा तऱ्हांनी गातात, याचं आपल्याला नवल नाही. पण इथे तर स्वर न् स्वर कागदावर लिहून ठेवलेला! तरी एक रेकॉर्डिंग काळजाला भिडतं आणि दुसरं नुसतंच छान वाटतं. मग आपलं आवडतं निवडायचं कसं? मला याचं उत्तर एका बाईच्या आयुष्यात सापडलं. तिचं नाव क्लारा शुमान.

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ चा, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला. वडील फ्रीडरिख वीक पियानोचे नावाजलेले शिक्षक, आई गायिका. दोघांचं पटलं नाही. क्लारा पाच वर्षांची होण्याआधीच आई घर सोडून गेली आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मुलीवर हक्क बापाचा! चार वर्षं उलटून गेली तरी ही पोर नीट बोलत नव्हती. तिला ऐकू येत नसावं, असंच घरच्यांना वाटायचं. पियानोवर मात्र तिची बोटं लवकर बोलू लागली. वडिलांनी तिला घडवलं, यात शंका नाही. पण ताबा इतका, की तिची रोजनिशीसुद्धा कितीतरी वर्षं तेच लिहीत. तिच्या नावाने, 'मी' म्हणून.

नवव्या वर्षी, १८२८ मध्ये, ती गावातल्या गेवांडहाउस या प्रसिद्ध सभागृहात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसली. सोळाव्या वर्षी तिने स्वतः रचलेला पियानो कन्चेर्टो तिथेच वाजवला, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन करायला उभे होते फेलिक्स मेंडेल्सन.

तिच्या वडिलांकडे शिकायला आलेला रॉबर्ट शुमान तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. दोघांनी लग्न ठरवलं आणि वडील भडकले. प्रकरण कोर्टात गेलं. पोटच्या मुलीने बापाविरुद्ध उभं राहणं त्या काळी तिकडेही सोपं नव्हतं. निकाल मुलीच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४० ला लग्न झालं. दुसऱ्याच दिवशी तिचा एकविसावा वाढदिवस होता.

पुढचा संसार आपल्यापैकी बऱ्याच जणींना ओळखीचा वाटेल. आठ बाळंतपणं, त्यातला एक मुलगा तान्हेपणीच गेलेला. रॉबर्ट संगीत लिहायला बसला की क्लाराचा रियाज बंद, कारण एकाचा आवाज दुसऱ्याला सहन व्हायचा नाही. नाव तिचं मोठं, मैफली तिच्या जास्त, घरात येणाऱ्या पैशात तिचा वाटा मोठा, पण वेळ आधी नवऱ्याचा. तरी उरलेल्या वेळात ती रचना करत राहिली. १८५३ मध्ये तिने व्हायोलिन-पियानोसाठी तीन 'रोमान्स' लिहिले, ते योसेफ योआखिम या तरुण व्हायोलिनवादकासाठी. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस योआखिमच्या ओळखीने वीस वर्षांचा एक लाजाळू मुलगा त्यांच्या ड्युसेलडॉर्फच्या दारात येऊन उभा राहिला. तो ब्राम्स.

पाचच महिन्यांत घर कोसळलं. फेब्रुवारी १८५४ मध्ये मनाचा तोल गेलेल्या रॉबर्टने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण त्याच्याच इच्छेने मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. क्लाराला तेव्हा दिवस गेलेले होते. जूनमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव फेलिक्स. बापाने या मुलाचं तोंड कधी पाहिलं नाही. डॉक्टरांनी क्लारालाही भेटू दिलं नाही; भेट झाली ती दोन वर्षांनी, रॉबर्टच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी. २९ जुलै १८५६ ला तो गेला. क्लारा छत्तीस वर्षांची होती आणि पदरात सात मुलं.

तिच्या मदतीसाठी मैफल भरवू पाहणाऱ्यांना तिने नकार दिला. मी माझी कमावीन, असा तिचा बाणा. मुलांची सोय कुठे नातेवाइकांकडे, कुठे शाळेत लावून ती गावोगाव, देशोदेशी वाजवत फिरली. साठ वर्षांच्या कारकिर्दीतल्या तिच्या सुमारे १,३०० कार्यक्रमपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. नवऱ्याच्या रचना तिने जगभर पोचवल्या. स्वतःच्या लिहिणं मात्र जवळजवळ थांबलं. मागे वळून पाहताना मला या गोष्टीची सगळ्यात जास्त चुटपुट लागते.

ब्राम्स या सगळ्यात तिच्या पाठीशी उभा राहिला. त्यांच्यात प्रेम होतं का, यावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली गेली आहेत. दोघांनी लग्न केलं नाही, मैत्री मात्र चाळीस वर्षांवर टिकली, हे खरं. तो फेलिक्सचा धर्मपिता होता. फेलिक्स कविता करायचा, व्हायोलिन वाजवायचा. त्याच्या कवितांना ब्राम्सने चाली लावल्या होत्या. या पोराला क्षयाने गाठलं आणि १६ फेब्रुवारी १८७९ ला, चोवीस वर्षांचा असताना तो गेला. ज्युली ही मुलगी १८७२ मध्येच गेली होती आणि लुडविग हा मुलगा मनोरुग्णालयात होता.

त्याच फेब्रुवारीत ब्राम्सने क्लाराला पत्राबरोबर स्वरलिपीचा एक कागद पाठवला. तो या सोनाटाच्या दुसऱ्या, संथ भागाचा आरंभ होता. आईचं सांत्वन शब्दांनी होत नाही, हे त्याला कळलं असावं. उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या पोर्टशाख गावी तळ्याकाठी त्याने रचना पूर्ण केली आणि क्लाराला पाठवली. तिने पियानोवर वाजवून पाहिली. तिसऱ्या भागात आली आणि तिला रडू फुटलं. तिथे तिच्या अत्यंत आवडीच्या, ब्राम्सच्याच एका जुन्या गाण्याची चाल होती. गाण्याचं नाव 'रेगनलीड', म्हणजे पाऊसगाणं. शब्द क्लाउस ग्रोट या कवीचे, आणि आशय असा, की पाऊस पडू दे आणि माझं लहानपण मला परत दिसू दे. परलोकी जाताना हा शेवटचा भाग सोबत असावा, असं क्लाराला वाटलं होतं.

आम्ही गोदाकाठचे असलो तरी पर्जन्यछायेतले. पाऊस म्हणजे काय ते वाट पाहून कळलेली माणसं. या सोनाटात पाऊस पियानो पाडतो, बारीक, न थांबणारा. व्हायोलिन त्या पावसात गात राहतं. मध्येच दुसऱ्या भागातली, फेलिक्सच्या वेळची चाल परत येते आणि शेवटी सगळं हळूहळू उजळून शांत होतं.

आता रेकॉर्डिंग निवडायचं. आपण सवयीने व्हायोलिन ऐकतो आणि पियानोला साथ समजतो, जशी गायकाला पेटीची. पण ब्राम्सने छापलेल्या नावात पियानो आधी आहे, व्हायोलिन नंतर. तो मधला संथ भागही पियानो एकटाच सुरू करतो; व्हायोलिन मागाहून येतं. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. पियानोपाशी क्लारा बसलीय, असं वाटतं का?

आडॉल्फ बुश आणि रुडॉल्फ सर्किन यांचं १९३१ चं रेकॉर्डिंग जुनं, खरखरीचं. पण दोघांचा श्वास एक आहे. आर्थर ग्रुमियो आणि ग्यॉर्गी शेबोक यांचं १९७० च्या दशकातलं. व्हायोलिनचा स्वर असा रेशमी, की दुःख जरा लांबच राहतं. ॲन-सोफी मुटर आणि लँबर्ट ऑर्किस यांचं २०१० चं रेकॉर्डिंग पावलोपावली रंग बदलतं. इझाबेल फाउस्ट आणि अलेक्झांडर मेल्निकोव्ह यांच्या २००८ च्या सीडीत तर १८७५ सालचा जुना पियानो आहे. क्लाराच्या काळात पाऊस साधारण असाच वाजत असेल! पहिल्यांदा ऐकणारीने हेसुद्धा जरूर ऐकावं.

पण मी पुन्हापुन्हा जाते ती योसेफ सूक आणि ज्युलियस कॅचन यांच्याकडे, १९६७ च्या रेकॉर्डिंगकडे. सूक म्हणजे संगीतकार द्वोर्झाकचा पणतू, त्याच द्वोर्झाकचा, ज्याला ब्राम्सने प्रकाशक मिळवून दिला होता. सूक रडवायला जात नाही. सरळ, स्वच्छ गातो. कॅचन पुढे पुढे करत नाही आणि मागेही लपत नाही. संथ भागाच्या मध्यावर अंत्ययात्रेसारखी जड पावलं पडतात, तिथे त्याचा पियानो नुसता चालत राहतो. मुलगा गेल्यावरही जिला मैफली करायच्या होत्या, विद्यार्थी शिकवायचे होते, त्या बाईचं चालणं मला तिथे ऐकू येतं.

क्लारा फ्रँकफर्टच्या संगीत विद्यालयात १८९२ पर्यंत शिकवत होती. २० मे १८९६ ला ती गेली. पुढच्या एप्रिलमध्ये ब्राम्सही गेला. जर्मनीने तिचं चित्र शंभर मार्कच्या नोटेवर छापलं, ती नोट युरो येईपर्यंत चालली. ब्राम्सचा पियानो १८८९ मध्ये एडिसनच्या यंत्राने थोडासा टिपला. क्लाराचं मात्र एकही ध्वनिमुद्रण नाही. फॅनी डेव्हिससारख्या तिच्या शिष्यांच्या रेकॉर्ड तेवढ्या आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, दुपारची कामं आटोपली की कुठलंही एक रेकॉर्डिंग लावून बघा. मग दुसरं. दुसरा भाग सुरू झाला की व्हायोलिनची वाट बघू नका. आधी नुसता पियानो ऐका. ती जागा क्लाराची आहे.