भूमिगत आवाज : उषाबेन मेहता

ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून बातमी सांगणे हाच गुन्हा ठरावा, असाही एक काळ या देशाने पाहिला आहे. त्या काळात अवघ्या 22 वर्षांच्या उषा मेहता यांनी मुंबईत सरकारच्या नाकावर टिच्चून रेडिओ केंद्र चालविले.

25 मार्च 1920 रोजी सुरतजवळच्या सरस या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील ब्रिटिश अमलातील न्यायाधीश. तरीही आठ वर्षांची उषा सायमन कमिशनविरोधी निदर्शनांत सामील झाली होती. पुढे कुटुंब मुंबईला आले. ऑगस्ट 1942 मध्ये गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चे रणशिंग फुंकले गेले. पहाटेच नेते गजाआड गेले आणि वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. उषाबेननी शिक्षण बाजूला ठेवले.

विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई असे मोजके सोबती जमले. शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी यांनी साहित्य पुरविले. डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते पाठीशी होते. 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. पोलिसांची यंत्रे माग काढीत, म्हणून बिऱ्हाड सतत हलवावे लागे.

या केंद्राचे खरे मोल बातम्यांत होते. जमशेदपूरचा संप, चितगावची बाँबफेक आणि आपल्या विदर्भातील चिमूर-आष्टीचे अत्याचार लोकांना या रेडिओने सांगितले. (ही आष्टी वर्ध्याची, आपल्या बीड जिल्ह्यातील नव्हे. कपिलधारचा आपला मुलूख तर तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता.) जे छापायला कुणी धजत नव्हते, ते गावोगावच्या निरोप्यांकडून गोळा करून हवेत सोडले जाई.

घरभेद मात्र आतूनच झाला. एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखविले आणि 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलिसांनी छापा घातला. पुढचे कित्येक महिने चौकशीचा ससेमिरा चालला. परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखविण्यात आले. उषाबेननी तोंड उघडले नाही. न्यायालयातही त्या गप्पच राहिल्या. चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्यातून 1946 मध्ये सुटल्या, तेव्हा प्रकृती पार खालावली होती.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी पदासाठी उंबरठे झिजविले नाहीत. गांधीविचारावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले आणि मणिभवनाच्या कामात आयुष्य वेचले. 1998 मध्ये पद्मविभूषण मिळाले. सन 2000 च्या क्रांतिदिनी अंगात ताप असूनही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या. दोनच दिवसांनी, 11 ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.

ते केंद्र जेमतेम तीन महिने चालले. पण सरकारला जी बातमी दडपायची होती, ती त्या अवधीत घराघरांत पोहोचली होती. घरातल्या मुलामुलींना एवढे तरी जरूर सांगावे.