संगणकाशिवायचा डेटाबेस : ज्ञानकोशकार केतकर

फीड म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एकदा सबस्क्राइब केलं की नवी माहिती तयार होईल तशी आपोआप आपल्यापर्यंत येते. पण शंभर वर्षांपूर्वी, संगणकाचा पत्ताही नसताना, एका माणसाने जगभरची माहिती गोळा केली, तिची रचना ठरवली आणि एकेक खंड छापून ती मराठी वर्गणीदारांपर्यंत पोहोचवली. त्यांचं नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. त्या वेळी रायपूर, नागपूर आणि आपला भंडारा हे सगळे मध्य प्रांतातच होते. म्हणजे एका अर्थाने ते आपल्याच भागातले! शाळा अमरावतीला, पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज आणि १९०६ साली थेट अमेरिका. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर संशोधन केलं आणि १९११ मध्ये पीएच.डी. मिळवली.

एवढं शिकल्यावर आरामाची नोकरी करून राहता आलं असतं. पण परत आल्यावर त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. इंग्रजीत ब्रिटानिका आहे, मग मराठीत का नाही? त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली. शेअर विकायचे, वर्गणीदार मिळवायचे, त्यासाठी गावोगाव फिरायचं आणि ते करता करता लेखनही चालू ठेवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर हे एक स्टार्टअपच होतं. पुढे हे काम पुण्याला गेलं.

कामाची पद्धत आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी बघण्यासारखी आहे. त्यांनी ब्रिटानिकाचं नुसतं भाषांतर केलं नाही. आधी पाच प्रस्तावनाखंड लिहिले. हिंदुस्थान आणि जग यांचा संबंध, वेदविद्या, बुद्धापूर्वीचं आणि नंतरचं जग, विज्ञानाचा इतिहास, असा सगळा पाया आधी घातला. मग अकारविल्हे नोंदींचे खंड आले, आणि त्यानंतर सूचीचा स्वतंत्र खंड. म्हणजे आधी डिझाइन, मग डेटा, मग सर्च! १९२० पासून सुरू झालेलं हे काम एकूण २३ खंडांपर्यंत गेलं.

त्यांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन ज्यू, माहेरचं नाव एडिथ कोहन. त्यांनी विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचं जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केलं. ज्ञानकोशात तयार झालेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश उभा केला. एका प्रोजेक्टमधून दुसरा प्रोजेक्ट निघाला तो असा.

केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. त्यातल्या एकीचं नावच 'गोंडवनातील प्रियंवदा' आहे. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मान मिळाला, पैसा मात्र मिळाला नाही. ओढगस्तीतच १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते गेले. वय फक्त ५३.

पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने हा ज्ञानकोश इंटरनेटवर आला. ज्यांनी कधी संगणक पाहिला नाही त्यांचा डेटा ऑनलाइन गेला! पण त्यात आहे ते शंभर वर्षांपूर्वीचं जग. पुढचं कोण भरणार?

आपल्या जिल्ह्याचंच घ्या. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, तुमसरचा तांदूळ, भंडाऱ्याची पितळेची भांडी. यावर इंटरनेटवर मराठीत नीट, तपासलेली माहिती शोधून बघा, किती थोडी सापडते ते. आम्ही कॉन्व्हेंटवाले तर सर्चच इंग्रजीत करतो. पण जी माहिती मराठीत कुणी लिहिलीच नाही, ती कुठलंही मशीन मराठीत आणणार कुठून?

केतकरांकडे ना सर्व्हर होता, ना कीबोर्ड. आपल्याकडे दोन्ही आहे. मग निदान आपल्या गावच्या एका तलावाची नोंद तरी करूया ना!