आर्मस्ट्राँग : चंद्रावरचा नव्हे, रेडिओतला!

घरातला राउटर किंवा धाकट्या भावाची रिमोटची गाडी एकदा उलटी करून बघा. मागे मुंगीएवढ्या अक्षरांचा स्टिकर असतो. माल अमेरिकेसाठीचा असेल तर त्यावर एफसीसीच्या नियमांचा भाग १५ आणि दोन अटी : यंत्राने दुसऱ्याला त्रासदायक अडथळा करायचा नाही, आणि दुसऱ्याचा अडथळा आला तर तो मुकाट सोसायचा. युरोपचा कायदा आणखी पुढे जातो. रेडिओच्या वापरावर एखाद्या देशात बंधन असेल, तर २०१७ च्या नियमाप्रमाणे त्या देशाची आद्याक्षरं खोक्यावरच छापावी लागतात. म्हणजे विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाला कळावं, की ही वस्तू वापरण्यावर आपल्या देशात काही बंधन आहे का.

हे वाचताना मला हटकून एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग आठवतो. आपल्या कम्युनिकेशनच्या पेपरातला सुपरहेटरोडाईन रिसीव्हर, तो याचाच.

जन्म १८९० चा, न्यूयॉर्कचा. पोरवयात याँकर्सच्या घराच्या आवारात याने सव्वाशे फुटांचा अँटेना-खांब उभा केला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, रिजनरेशन सापडलं : व्हॉल्व्हचं आउटपुट पुन्हा इनपुटला द्यायचं, की क्षीण सिग्नल दणदणीत होतो. पण जरा जास्त फीडबॅक दिला की रिसीव्हर स्वतःच ट्रान्समीटर होतो आणि शेजाऱ्याच्या रेडिओत शिट्ट्या वाजू लागतात. स्टिकरवरची पहिली अट कशासाठी, ते इथे कळतं! १९२२ मध्ये त्याने सुपररिजनरेशन काढलं. स्वस्त खेळण्यांच्या रिसीव्हरमध्ये ते सर्किट पुढे कित्येक वर्षं वापरलं गेलं.

रिजनरेशनच्या पेटंटवरून ली द फॉरेस्टशी वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल आर्मस्ट्राँगच्या विरोधात दिला. आयआरई या इंजिनिअरांच्या संस्थेने पूर्वी दिलेलं पदक तो परत करायला गेला, तर संस्थेने ते घ्यायलाच नकार दिला. इंजिनिअर मंडळींचं मत कोर्टापेक्षा वेगळं होतं, एवढं यातून स्पष्ट होतं.

तोवर तो एफएममध्ये बुडाला होता. १९३३ मध्ये पेटंटं मिळाली. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्याही झाल्या, पण १९३५ मध्ये आरसीए कंपनीने त्याला तिथून सामान हलवायला सांगितलं. गडी हटला नाही. पदरच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइन इथे ४२५ फुटी टॉवर बांधला. १९४० मध्ये एफसीसीने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला, स्टेशनं निघाली, लोकांनी सेट घेतले.

आणि मग आला जून १९४५. एफसीसीने एफएमला उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेऊन ठेवलं. कारण दिलं की खालच्या पट्ट्यात आकाशातून परतणाऱ्या लहरी अडथळा करतील. आर्मस्ट्राँगला ते मान्य नव्हतं. पण घराघरांतले लाखो रिसीव्हर बघता बघता निरुपयोगी ठरणार होते. एकही बिघडलेला नव्हता, सगळे रीतसर विकत घेतलेले. मला विचाराल तर इथे खरी गोम आहे. रेडिओचा सेट आपला असतो, पण तो ज्या पट्ट्यात चालतो तो पट्टा आपला नसतो. खोक्यावरच्या एवढ्याशा अक्षरांत सरकार तेच सांगत असतं. (तांत्रिक बाजूने बघितलं तर नवा पट्टा पुढे उत्तम चालला, आजही आपल्याकडचं एफएम त्याच आकड्यांवर लागतं. पण ज्याचा सेट गेला त्याला काय त्याचं?)

पट्टा बदलल्याने एफएमची घोडदौड थंडावली. आरसीए रॉयल्टी देईना म्हणून १९४८ मध्ये त्याने खटला भरला. त्यात पैसा गेला, तब्येत गेली, घरही मोडकळीला आलं. १९५४ च्या जानेवारीअखेर न्यूयॉर्कमधल्या आपल्या तेराव्या मजल्यावरच्या घरातून त्याने उडी घेतली.

पत्नी मॅरियन एकेकाळी आरसीएच्याच डेव्हिड सार्नॉफची सेक्रेटरी होती. तिने खटले सोडले नाहीत. आरसीएने त्याच वर्षी दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. इतर कंपन्या एकेक करून नमत गेल्या. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा खटला तिने १९६७ मध्ये जिंकला.