रेव्हरंड टिळक : धर्म बदलला, अभंग सुटला नाही

‘फुलामुलांचे कवी’ ही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची शाळेतली ओळख. त्यांचे धर्मांतर मात्र घरादाराची परीक्षा पाहणारे होते. कोकणस्थ ब्राह्मण घरातल्या टिळकांच्या हाती बायबलमधला ‘नवा करार’ आला तो रेल्वेच्या डब्यात, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरावर आभाळ कोसळले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरला परतल्या, तरी सोवळे लगेच सुटले नाही. टिळक तापट होते, पण धर्माची सक्ती त्यांनी केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

तेव्हा मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी तिथे अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ मध्ये तर मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, हा त्यामागचा विचार. त्या काळी हे धाडसच!

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा येशूचे ओवीबद्ध चरित्र ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. त्या शाळेत कधीच गेल्या नव्हत्या. अक्षरओळख टिळकांनीच करून दिली होती.