प्रोफेसर कार्व्हर आणि दाण्याची आमटी

आमच्या मालवण किनाऱ्यावरील स्वयंपाकघरांत राज्य नारळाचें. माशांचें कालवण असो कीं काळ्या वाटाण्यांची उसळ असो, नारळाचें वाटप लावल्यावांचून गृहिणीचें समाधान होत नाहीं. भुईमुगाच्या दाण्यास मान मिळतो तो उपासाच्या दिवशीं. एकादशीस शेजारच्या घरीं वऱ्याच्या भाताबरोबर दाण्याची आमटी होते; भाजलेले दाणे बारीक वाटून, त्यांत जिरें, हिरवी मिरची, आमसूल व गुळाचा खडा घालून उकळलेली. खाणारा ती रुचीनें खातो; परंतु त्या वाटींत शरीराच्या उपयोगाचें काय आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. ही चौकशी ज्यानें गरिबांच्या ताटासाठीं जन्मभर केली, तो पुरुष सातासमुद्रांपलीकडे एका गुलाम स्त्रीच्या पोटीं जन्मला होता.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव मराठी घरांस नवें नाहीं. श्रीमती वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें चरित्र १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. रत्नागिरीपासून वेगळा होऊन आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला तोहि त्याच सालीं. पुष्कळ पालकांनीं तें वाचलें असेल. मुलांना मात्र विचारावें तर, त्यानें भुईमुगापासून तीनशें वस्तु केल्या, एवढेंच एक वाक्य पाठ असतें. आम्हांस त्या तीनशें वस्तूंपेक्षां दाण्याची ती एक वाटीच अधिक मोलाची वाटते.

अमेरिकेंतील मिसूरी प्रांतांत, डायमंड गांवाजवळ, मोझेस कार्व्हर नांवाच्या शेतकऱ्याच्या पदरीं मेरी ही गुलाम होती. तिचा हा मुलगा १८६४ च्या सुमारास जन्मला. गुलामांच्या मुलांच्या जन्मतिथीची नोंद कोण ठेवतो! तो तान्हा असतांना लुटारूंनीं मायलेकरांस पळवून नेलें. मोझेसनें माणूस पाठवून शोध केला, तेव्हां एक घोडा देऊन मूल तेवढें परत मिळालें. आईचा पत्ता पुन्हां लागला नाहीं. मूल अशक्त होतें, शेतांतील जड कामें त्यास झेपत ना. म्हणून मोझेसची पत्नी सुझन हिनें त्यास रांधणें, धुणें, शिवणें शिकविलें. पुढील आयुष्यांत हा शास्त्रज्ञ चुलीपाशीं इतका सहजपणें कसा वावरत असे, याचें मूळ येथें आहे. उरलेला वेळ तो रानांत झाडांपाशीं काढी. कोमेजलेलीं रोपें तो बरीं करितो, असा त्याचा लौकिक लहानपणींच झाला.

जवळच्या शाळेंत कृष्णवर्णीय मुलांस प्रवेश नसे. नीओशो गांवीं अशा मुलांची निराळी शाळा होती; तेथें मराया वॉटकिन्स या सुईणीच्या घरीं राहून, तिचीं कामें करून तो शिकला. पुढें कॅन्सास प्रांतांत गांवोगांव फिरून, लोकांचे कपडे धुऊन त्यानें शिक्षण चालविलें. एका गांवीं जमावानें एका कृष्णवर्णीयाचा केलेला वध पाहून त्यास तें गांवच सोडावें लागलें. एका कॉलेजानें पत्रानें त्यास प्रवेश दिला आणि तो दारांत उभा राहतांच, त्याचा वर्ण पाहून, परत लावलें. अखेर १८९० सालीं आयोवांतील सिंप्सन कॉलेजांत तो चित्रकला शिकूं लागला. तेथील चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनीं त्याची वनस्पतींची आवड ओळखून त्यास एम्स येथील कृषि महाविद्यालयांत जाण्याचा सल्ला दिला. तेथें तो १८९४ सालीं पदवीधर झाला आणि १८९६ सालीं त्यास उच्च पदवी मिळाली. शिक्षकाची एक योग्य वेळची सूचना किती दूरवर पोहोंचते, हें आम्हां शिक्षकांस येथें आवर्जून सांगावेंसें वाटतें.

त्याच वर्षीं बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं कार्व्हर यांस अलाबामांतील टस्कीगी येथील आपल्या विद्यालयांत बोलाविलें. तेथें प्रयोगशाळा नव्हती. टाकाऊ बाटल्या, डबे व जुने दिवे गोळा करून ती त्यांनीं उभी केली. सभोंवारची जमीन वर्षानुवर्षें कपाशी घेऊन निःसत्त्व झाली होती आणि ती कसणारीं कृष्णवर्णीय कुळें कर्जांत बुडालीं होतीं. भुईमुगाच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणतात. म्हणून कपाशीस विसावा देऊन भुईमूग, चवळी, रताळीं लावा, असा त्यांचा उपदेश असे. पुढें कपाशीच्या बोंडांत अंडीं घालणारा सोंडेचा भुंगा त्या प्रांतांत शिरला, तेव्हां या उपदेशाचें महत्त्व पुष्कळांस पटलें. १९०६ सालीं तर विद्यालयाची घोडागाडीच अवजारें व बियाणें घेऊन खेड्याखेड्यांतून फिरूं लागली.

परंतु जमिनीपेक्षां माणसें अधिक निःसत्त्व झालीं होतीं. या कुळांचें नित्याचें अन्न म्हणजे मक्याचें पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. पोट भरे, परंतु वसंत ऋतु आला कीं पुष्कळांच्या हातांची व मानेची कातडी काळवंडून फाटे, पोट बिघडे, आणि कित्येकांस भ्रम होऊन मृत्यु येई. या रोगाचें नांव पेलाग्रा. तो संसर्गाचा नसून अपुऱ्या अन्नाचा आहे, हें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ नंतरच्या वर्षांत दाखवून दिलें. आणि ज्या द्रव्याच्या अभावीं तो होतो तें नायासिन होय, हें १९३७ सालीं ठरलें. मक्यांत हें द्रव्य असतें, पण शरीरास सहज लाभत नाहीं. भुईमुगाच्या दाण्यांत तें विपुल असतें. कार्व्हर यांस १९१६ सालीं हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. गरिबाच्या ताटांत मांसाचें काम करील अशी स्वस्त वस्तु त्यांस हवी होती, आणि ती त्यांनीं हेरली होती.

त्याच १९१६ सालीं त्यांनीं भुईमूग लावावा कसा आणि तो १०५ प्रकारांनीं खावा कसा, हें सांगणारी एक पुस्तिका काढली. त्यांतील पहिलीच कृती वाचून आम्हांस गंमत वाटली. दाणे मऊ शिजवावे, सालें काढावीं, अगदीं बारीक वाटावे आणि दुधांत घालून उकळावे! आमसूल व मिरची एवढींच काय ती राहिलीं. एरवीं ती आपली दाण्याची आमटीच.

आतां त्या वाटींत काय आहे तें पाहूं. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें, जवळजवळ ५० ग्रॅम तेल, १६ ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ व तंतु, आणि १२ मिलिग्रॅम नायासिन असतें. शक्ति मिळते ती ५६० कॅलरींहून अधिक. आमटीच्या एका वाटीस ३० ग्रॅम, म्हणजे मुलाची एक मूठ, दाणे पुरतात. तेवढ्यांत ७ ग्रॅमांहून थोडीं अधिक प्रथिनें मिळतात; एका कोंबडीच्या अंड्यांत साधारण ६ ग्रॅम असतात. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यास लागतात आणि ताजी मासळी दुर्मिळ होते, त्या दिवसांत हा हिशेब आमच्या पालकांनीं जरूर करून पाहावा. भाजण्यानें दाण्यांतील थायामिन कांहीं अंशीं नष्ट होतें, नायासिन मात्र टिकतें. उणिवाहि आहेत. दाण्यांत ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वें जवळजवळ नाहींतच. लायसिन हें प्रथिनांतील आवश्यक द्रव्य तांदुळांत कमी, तसेंच दाण्यांतहि कमी. तें डाळींत व कुळथांत आहे. यास्तव उपास सुटल्यावर कुळथाच्या पिठीस विसरूं नये. आणि आमच्या दमट हवेंत दाण्यांस बुरशी लवकर धरते. तिच्यांतील विष यकृतास घातक असून भाजल्यानें पुरतें जात नाहीं, म्हणून काळा अथवा कडवट दाणा टाकूनच द्यावा. कित्येकांस तर दाणा मुळींच सोसत नाहीं. त्यांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

अतिरेकाचा एक दाखला आपल्याकडीलच आहे. १९१८ सालीं गांधीजी खेडा जिल्ह्यांत फिरत असतां मुख्यत्वें दाण्याचें लोणी व लिंबू यांवर राहत. तें आपण प्रमाणाबाहेर खाल्लें आणि तेथूनच आमांश सुरू झाला, असें त्यांचें स्वतःचें मत होतें. दुखणें इतकें विकोपास गेलें कीं दूध न घेण्याचा नेम असतांहि पुढच्या वर्षाच्या आरंभीं मुंबईंत त्यांस शेळीचें दूध घ्यावें लागलें. नंतर १९२९ सालीं दीनबंधु अँड्र्यूज टस्कीगीस गेले आणि कार्व्हर यांचा गांधीजींशीं संबंध जुळला. कार्व्हर यांनीं त्यांस आहाराविषयीं सूचना लिहून पाठविल्या.

कार्व्हर यांची कीर्ति अमेरिकाभर पसरली ती १९२१ सालीं. परदेशी भुईमुगावरील जकातीच्या प्रश्नावर ते वॉशिंग्टन येथें प्रतिनिधिसभेच्या समितीपुढें साक्षीस गेले. त्यांस दहा मिनिटें दिलीं होतीं. पेटींतून एकेक पदार्थ काढून ते दाखवूं लागले, तेव्हां आरंभीं थट्टा करणाऱ्या सभासदांनींच त्यांस हवा तितका वेळ बोलूं दिलें.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. दाण्याचें लोणी कार्व्हर यांनीं शोधिलें, असें मुलें निबंधांतून लिहितात. तें खरें नाहीं. माँट्रिऑलच्या मार्सेलस एड्सन यांस दाण्याच्या लगद्याचें पेटंट १८८४ सालींच मिळालें होतें. कार्व्हर यांच्या तीनशें वस्तूंपैकीं बहुतेक बाजारांत टिकल्या नाहींत, आणि पुष्कळांच्या कृती त्यांनीं लिहूनहि ठेविल्या नाहींत. यामुळें आमच्या मनांतील त्यांचा आदर तिळमात्र कमी होत नाहीं. ज्या कृती त्यांनीं लिहिल्या, त्या खेड्यांतील बाईस घरच्या भांड्यांत करतां येतील अशाच लिहिल्या.

ते अविवाहित राहिले. पहाटे उठून रानांत एकटे फिरत व तेथेंच प्रार्थना करीत. कोटाच्या काजांत रोज एखादें फूल असे. कोट मात्र वर्षानुवर्षें तोच. साठविलेले सुमारें ६० हजार डॉलर त्यांनीं आपलें संशोधन पुढें चालावें म्हणून देऊन टाकिले. टस्कीगीस ४७ वर्षें काढून ५ जानेवारी १९४३ रोजीं ते वारले, आणि तेथेंच बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारीं त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्याच वर्षीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें डायमंडजवळचें तें शेत, जेथें एका घोड्याच्या मोबदल्यांत एक तान्हें मूल परत आणलें गेलें होतें, राष्ट्रीय स्मारक करण्याचें ठरविलें.