गंजाशी झुंजणारा हॅरी ब्रिअर्ली

गोदावरीच्या तीरावरील नाशिक हे जसे तीर्थक्षेत्र आहे, तसेच ते तांब्यापितळेच्या भांड्यांचेही जुने व नावाजलेले ठिकाण आहे. तेथील भांडी बाजारात हंडे, घागरी, तपेली आणि पराती यांच्या राशी रचलेल्या असत. ही भांडी दिसावयास मोठी देखणी. परंतु त्यांची निगा राखणे कष्टाचे होते. त्यांना आतून कल्हई करावी लागे. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा. तो उडाला म्हणजे भांड्यात ठेवलेले ताक किंवा आमटी कळकत असे. मग कल्हईवाल्याची वाट पाहावयाची, नाहीतर चिंच घेऊन भांडी घासत बसावयाचे! लोखंडाची तऱ्हा तर याहून वाईट. विळी किंवा सुरी जराशी ओली राहिली, की तिच्यावर तांबूस गंज चढलाच.

विसाव्या शतकात या भांड्यांच्या शेजारी एक नवी धातू येऊन बसली. तिला कल्हई नको होती आणि चिंचही नको होती. लोक तिला स्टेनलेस स्टील म्हणू लागले. आज ताटवाट्यांपासून शस्त्रवैद्याच्या सुऱ्यांपर्यंत आणि पाळीव पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपर्यंत अनेक वस्तू तिच्या केलेल्या असतात. तरीही एखाद्या पावसाळ्यात पिंजऱ्याच्या सांध्यापाशी तांबूस ठिपका दिसतो आणि घरातील मुले विचारात पडतात. न गंजणाऱ्या पोलादावर हा गंज कोठून आला? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या कार्यात सापडते, त्या हॅरी ब्रिअर्लीचे हे चरित्र आहे.

हॅरीचा जन्म इंग्लंडमधील शेफील्ड या गावी १८ फेब्रुवारी १८७१ रोजी झाला. शेफील्ड हे पोलादाचे व सुऱ्याकात्र्यांचे माहेरघर. हॅरीचे वडील पोलाद वितळविणारे कामगार होते. मातीच्या मुशीत पोलाद वितळवावयाचे आणि ती तप्त मूस चिमट्याने धरून भट्टीबाहेर काढावयाची, हे त्यांचे काम. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत थोडी. त्यामुळे बाराव्या वर्षीच हॅरीची शाळा सुटली आणि त्याला पोट भरण्यासाठी काम धरावे लागले.

लवकरच त्याला फर्थ या कंपनीच्या रसायनशाळेत जागा मिळाली. काम होते बाटल्या व काचपात्रे धुण्याचे! दुसरा एखादा मुलगा बाटल्या धुऊन घरी गेला असता. हॅरीचे मन मात्र त्या बाटल्यांत काय ओतले जाते, इकडे लागले. तेथील मुख्य रसायनशास्त्रज्ञ जेम्स टेलर यांनी या मुलाची जिज्ञासा ओळखली व त्याला अभ्यासाची गोडी लावली. हॅरी दिवसा काम करी आणि संध्याकाळी गणित व रसायनशास्त्र शिके. हळूहळू तो पोलादाचे पृथक्करण करण्यात इतका निष्णात झाला, की नामांकित तज्ज्ञांत त्याची गणना होऊ लागली. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. परंतु हाताला कामाचा अनुभव होता आणि बुद्धीला प्रश्न विचारण्याची सवय होती.

१९०४ साली तो रशियन साम्राज्यातील रिगा या शहरी एका पोलाद कारखान्यात गेला. तेथे काही वर्षे काम करून तो शेफील्डला परतला. फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून एक संशोधनशाळा काढली होती. १९०८ साली तिची सूत्रे ब्रिअर्लीच्या हाती आली. ज्या गावात त्याने बाटल्या धुतल्या होत्या, त्याच गावात तो आता एका संशोधनशाळेचा प्रमुख झाला!

१९१२ साली त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न आला. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात. त्या टिकाव्यात यासाठी काय करावे? प्रश्न झिजेचा होता, गंजाचा नव्हता. पोलादात क्रोमियम नावाची धातू मिसळली, तर ते अधिक उष्णता सोसेल, असे ब्रिअर्लीला वाटले. त्याने क्रोमियमचे प्रमाण कमीअधिक करून निरनिराळी पोलादे तयार केली. १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीत ओतलेल्या एका पोलादात क्रोमियम शेकडा १२.८ आणि कर्ब शेकडा ०.२४ होता.

या पोलादाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाची होती. त्यासाठी पोलादाचा तुकडा घासून गुळगुळीत करतात व त्यावर सौम्य आम्ल लावतात. आम्लाने पृष्ठभाग किंचित खाल्ला, म्हणजे आतील कण स्पष्ट दिसतात. परंतु या तुकड्यावर आम्लाचा परिणाम होईना! एखाद्याने त्रासून तो तुकडा टाकून दिला असता. ब्रिअर्ली तेथेच थांबला. जे आम्लाला दाद देत नाही, ते आणखी कशाला दाद देणार नाही? त्याने त्या पोलादावर शिरका व लिंबाचा रस लावून पाहिला. तरीही ते चकचकीतच राहिले. ब्रिअर्ली हा सुऱ्यांच्या गावचा मुलगा. त्या काळी प्रत्येक जेवणानंतर सुऱ्या घासून लगेच कोरड्या कराव्या लागत. बंदुकीसाठी शोधलेल्या पोलादाच्या जेवणाच्या सुऱ्या झाल्या, तर घरोघरचे कष्ट वाचतील, हे त्याने तात्काळ जाणले.

परंतु शोध लागणे निराळे आणि तो लोकांनी मानणे निराळे. आरंभी सुऱ्या करणाऱ्या कारागिरांनी या पोलादाविषयी तक्रारीच केल्या. ते घडविताना हत्यारे बोथट होत आणि केलेल्या पात्यांना चांगली धार येत नसे. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक म्हणून गावात ब्रिअर्लीची थट्टा होऊ लागली. त्याच्या कंपनीलाही या कामात रस वाटेना. तेव्हा अर्नेस्ट स्टुअर्ट या कारखान्याच्या व्यवस्थापकाने हे पोलाद वापरून पाहण्याचे ठरविले. त्याचेही पहिले प्रयत्न फसले. या पोलादाला पाणी देताना नेहमीपेक्षा अधिक तापवावे लागते, ही गोष्ट ब्रिअर्लीने ध्यानात आणून दिल्यावर मात्र उत्तम सुऱ्या तयार झाल्या. दोष पोलादात नव्हता. ते हाताळण्याच्या रीतीत होता. ब्रिअर्ली आपल्या पोलादाला न गंजणारे म्हणत असे. स्टुअर्टने त्याला स्टेनलेस, म्हणजे डाग न पडणारे, हे नाव सुचविले. तेच नाव पुढे जगभर रूढ झाले.

शोधाच्या मालकीवरून ब्रिअर्ली आणि त्याची कंपनी यांच्यात मतभेद झाले. आपल्या श्रमाचे श्रेय आपणास मिळत नाही, असे वाटून त्याने १९१५ साली ती संशोधनशाळा सोडली. पुढे दोन्ही पक्षांत तडजोड झाली. याच सुमारास जर्मनी व अमेरिका या देशांतही क्रोमियमच्या पोलादावर संशोधन चालले होते. म्हणून या शोधाचे श्रेय एकट्या ब्रिअर्लीला देता येत नाही. परंतु असे पोलाद सामान्य माणसाच्या ताटाशेजारी नेऊन ठेवण्याचा मान त्याच्याकडेच जातो. त्याने सोडलेल्या संशोधनशाळेत त्याच्यामागून आलेल्या विल्यम हॅटफील्डने १९२४ साली शेकडा १८ क्रोमियम व शेकडा ८ निकेल असलेले पोलाद तयार केले. स्वयंपाकघरातील पुष्कळशी भांडी आज याच जातीच्या पोलादाची असतात.

या पोलादाचे रहस्य काय? साध्या लोखंडाचा ओलाव्याशी व हवेतील प्राणवायूशी संयोग झाला, की गंज तयार होतो. हा गंज भुसभुशीत असतो. त्याच्या खपल्या पडतात, आतील लोखंड उघडे पडते आणि गंज खोल जातो. स्टेनलेस पोलादातील क्रोमियमचाही प्राणवायूशी संयोग होतो; परंतु त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा, अतिशय पातळ आणि घट्ट थर तयार होतो. हा थर म्हणजे धातूने स्वतःच स्वतःला केलेली कल्हईच होय. तीवर ओरखडा पडला, तरी स्वच्छ हवेत ती आपोआप भरून येते. त्यासाठी कल्हईवाल्याला बोलवावे लागत नाही.

मात्र या कवचालाही शत्रू आहेत. मिठाचा अंश, क्लोरीन असलेली विरंजक द्रव्ये आणि साचून राहिलेली ओली घाण यांमुळे ते जागोजागी फुटते. पिंजऱ्याच्या सांध्यात पक्ष्यांची विष्ठा व दाणे अडकून राहिले, की तेथे ओल टिकते, हवा पोहोचत नाही आणि कवच पुन्हा भरून येत नाही. लोखंडी काथ्याने घासल्यास त्याचे बारीक कण पोलादावर चिकटतात व तेच गंजू लागतात. काही पिंजरे तर साध्या तारेवर नुसता चकाकता मुलामा देऊन केलेले असतात. मुलामा उडाला, की ते गंजावयाचेच.

म्हणून पिंजऱ्यावर ठिपका दिसताच प्रथम पक्ष्याला दुसऱ्या सुरक्षित पिंजऱ्यात ठेवावे. मग कोमट पाणी व साबण घेऊन मऊ कापडाने गज धुवावेत. डाग राहिल्यास त्यावर लिंबाचा रस थोडा वेळ लावून तो हलक्या हाताने पुसावा. नंतर भरपूर पाण्याने पिंजरा धुऊन पूर्ण कोरडा करावा. गजाला खड्डे पडले असतील किंवा मुलामा सुटत असेल, तर तो पिंजरा वापरू नये. कारण पक्षी गज चावतात आणि मुलाम्यातील जस्त त्यांना विषारी ठरते.

ब्रिअर्लीला १९२० साली पोलाद उद्योगातील बेसेमर सुवर्णपदकाचा सन्मान मिळाला. लहानपणीची गरिबी तो विसरला नाही. १९४१ साली त्याने आपल्या धनातून एक विश्वस्त निधी स्थापन केला व त्याद्वारे आपल्या प्रदेशातील लोकांच्या शिक्षणाची व आनंदाची सोय केली. १४ जुलै १९४८ रोजी त्याचे निधन झाले.

बाटल्या धुणाऱ्या मुलाने जगाला स्वच्छ राहणारी धातू दिली. तथापि तिची स्वच्छता सर्वस्वी तिच्यावर सोपवून चालत नाही. पोलाद आपले कवच आपणच विणते. त्याला हवा व कोरडेपणा मिळू देणे एवढेच माणसाचे काम असते. तेवढे काम ज्या घरात रोज होते, तेथील पिंजरा वर्षानुवर्षे लखलखीत राहतो आणि आतील पाखरूही सुखी असते.